सुयुनबेकचं नाक

आमच्या डोंगराळ कोचकोर गावात गाडी बिघडली की लोक सुयुनबेककडे जायचे, आणि सुयुनबेक बॉनेट उघडायच्या आधी गाडीच्या मागे जायचा. सायलेन्सरपाशी वाकायचा, डोळे मिटायचा आणि एक लांब श्वास घ्यायचा. मग सरळ होऊन म्हणायचा, "तेल जळतंय." किंवा, "कूलंट आत शिरतंय, गोडसर वास येतोय." किंवा, "हे पेट्रोल कुठून भरलंस? हे पेट्रोल नाही, गाढवाचं मूत आहे." आणि तसंच निघायचं. मी आयुष्यभर सरकारी शेताचा ट्रक चालवला. डिझेलने माझं स्वतःचं नाक केव्हाच कामातून गेलं, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण त्याच्या नाकावर मी आंधळा विश्वास ठेवायचो.

बायको गेल्यापासून माझा दिवस त्याच्या गॅरेजातच जातो. कोळशाच्या शेगडीजवळ बसतो, चहा पितो, येणाऱ्याजाणाऱ्याची खोड काढतो. काम काही नाही, मतं मात्र पुष्कळ. सुयुनबेकने मला कधी ऊठ म्हटलं नाही. त्याचा स्वभावच तसा. गंजलेला नटसुद्धा तो शिव्या देऊन सोडवत नाही. तेल घालतो आणि "चल बाबा, चल" असं पुटपुटत बसतो. त्याचे वडील लवकर गेले तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या भावाने, मामिरकुलने, त्याला वाढवलं, मोटार डेपोत कामाला लावलं, लग्न लावून दिलं आणि आपल्या अंगणाच्या टोकाला गॅरेजसाठी जागा काढून दिली. मामिरकुल राजधानीच्या, बिश्केकच्या फेऱ्या मारतो, प्रवासी गाडी आहे त्याची, लाल रंगाची. त्याने भावासाठी इतकं केलं, पण एक गोड शब्द कधी त्याच्या तोंडून निघाला नाही. हा माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा खेकसून देतो.

गेल्या शरदात सुयुनबेकला ताप आला. बरेच दिवस अंथरुणात होता. उठला तेव्हा वाळून त्याची काटकी झाली होती, पण कामाला लागला. आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. आता तो सायलेन्सरमागे वाकायचा खरा, पण निकाल लगेच द्यायचा नाही. एखादी चिंधी इंजिनावर पुसायचा, "हात धुऊन येतो" म्हणून घरात जायचा आणि परत येऊन सांगायचा, तेल आहे की कूलंट आहे ते. दिवसातून चार चार वेळा हात धुणं. मला वाटलं, बिचाऱ्याला लघवीचा त्रास सुरू झाला असेल आणि लाजेने सांगत नसेल.

एकदा चहाची किटली आणायला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. सुयुनबेक उभा होता आणि त्याने ती काळी चिंधी बायकोच्या नाकाशी धरली होती. बुरुलचा डोळे मिटून हुंगत होती, हात पिठाने भरलेले.

"जळकं नाही," ती म्हणाली. "गोड आहे. पण मधासारखं नाही, औषधासारखं."

"म्हणजे कूलंट," तो म्हणाला, आणि वळला तर दारात मी.

तो माझ्या बाजूने बाहेर गेला. बुरुलचाने हात झटकले. वयाचा मान ठेवून ती मला आके म्हणते, पण तिथेच दरडावलं, "ओरमोन-आके, तुमच्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. हे एवढं मात्र पोटात ठेवा."

मग तिने सांगितलं. तापानंतर मुलगी वसतिगृहातून भेटायला आली. आम्ही मुलांचा मुका घेत नाही, कपाळ हुंगतो. लेकराचा वास हीच आमची भेट. सुयुनबेकने मुलीच्या कपाळाला नाक लावलं. लावलं ते काढेचना. पुन्हा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मुलगी हसायला लागली, "बाबा, झालं की!" तो बाहेर लाकडांच्या ढिगाकडे गेला आणि तोंडात टोपी कोंबून रडला. वास येणं बंद झालंय हे तोवर त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी पोटात ठेवलं. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल याचा विचार करा.

जानेवारीत तो रशियाला जायला निघाला. मामिरकुलचा मुलगा तिकडे एका गोदामात आहे, त्याने तिथेच काम बघून ठेवलं. गावाला यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे ज्या घरातलं कोणी रशियात नाही ते घर शोधावं लागतं. सगळे म्हणाले, छान, पैसे मिळतील.  मामिरकुलचा जबडा मात्र आवळला गेला, कारण त्याला वाटलं, लहान भावाला आपली सावली नकोशी झाली. खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

मी त्याला गॅरेजात एकटं गाठून झापलं. "खोकी उचलायला जाणार तू? हे हात घेऊन?"

"हातांचं काय, आके? माझं सगळं नाकात होतं. आता मी बायकोच्या पदराआड लपून गाड्या दुरुस्त करतोय. एक दिवस चूक होईल, कोणाची तरी गाडी खिंडीत बंद पडेल, आत माणसं गोठतील. त्यापेक्षा खोकी बरी. खोक्यांना वास नसतो."

"भावाला तर सांग."

"त्याला काय सांगू? ज्याच्यासाठी तू एवढं केलंस तो आता निकामी झाला म्हणून?"

बुरुलचाने भांडण केलं नाही. तिने त्याचे शर्ट धुतले, लोकरी मोजे विणले. मला एवढंच म्हणाली, "त्यांना वाटतं, नाक गेलं म्हणजे तेच गेले. मी किती सांगू?" शनिवारी सकाळी मामिरकुलच्याच गाडीतून त्याला बिश्केकच्या विमानतळावर जायचं होतं.

आणि त्याच आठवड्यात मामिरकुलच्या गाडीने रंग दाखवले. सकाळी कडाक्याच्या थंडीत एका सेल्फमध्ये चालू व्हायची, अगदी शहाण्यासारखी. पण एकदा तापली आणि वाटेत चहाला थांबवली की परत चालू व्हायचं नाव नाही. प्रवाशांनी उतरून धक्का मारायचा. पेट्रोल तर अशी प्यायची की मामिरकुलला वाटलं, रात्री कोणीतरी टाकीतून काढून नेतंय. दोन दिवस त्याने शेजाऱ्याशी अबोला धरला. टेंपरेचरचा काटा जिथे हवा तिथेच, मधोमध. बाजारात एका पोराकडे गाडी तपासायचं यंत्र आहे, त्यालाही दाखवून झालं. यंत्र म्हणालं, सगळं ठीक.

गुरुवारी फेरीवरून आला तशी त्याने गाडी गॅरेजात आणली. सुयुनबेकने ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाखाली पांढरट फेस. मग ऑइलची पट्टी ओढली. तेल खुणेच्या बरंच वर चढलेलं आणि पाण्यासारखं पातळ.

"तेल वाढलं कसं?" मी विचारलं. "तेल कमी होतं, वाढत नाही."

"त्यात काहीतरी मिसळतंय," सुयुनबेक म्हणाला. "दादा, कूलंट कमी होतंय का?"

"मी रोज थोडं ओततो," मामिरकुल म्हणाला. "सवयच आहे. किती ते कोण बघतं?"

फेस, वाढलेलं तेल, रोज ओतलेलं कूलंट. मी म्हणालो, हेड गॅस्केट गेली, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील फाटलं, कूलंट तेलात उतरतंय. सुयुनबेकलाही तेच वाटलं. हेड उतरवायचं म्हणजे बिश्केकहून सामान येणार, हेड घासायला जाणार, गाडी महिनाभर उभी. तोवर मामिरकुलचे नेहमीचे प्रवासी दुसऱ्यांच्या गाड्यांत बसणार, आणि एकदा गेलेला प्रवासी परत येत नाही.

"हात धुऊन येतो," म्हणत सुयुनबेक चिंधी घेऊन आत गेला. लगेच परत आला. मी भुवया उडवल्या. तो माझ्याजवळ वाकून कुजबुजला, "पेट्रोल म्हणते. चिंध्या मी कालच पेट्रोलात धुतल्यात, तिला दुसरं काय येणार?" आणि त्याने पाना उचलला.

मामिरकुल शेगडीजवळ बसून भिंतीकडे बघत होता. मला तिथे बसवेना. किटलीचं निमित्त करून मी आत गेलो. बुरुलचा चुलीपाशी उभी होती.

"हेड उतरवणार?" तिने विचारलं.

"उतरवायला घेतलंच."

"मग शनिवारी ते जाणार नाहीत."

"भावाचं इंजिन उघडं टाकून कसा जाईल? महिनाभर तरी हलत नाही."

तिने किटलीच्या कडीला हात घातला, पण उचलली नाही. महिनाभर. बायकोला महिन्यात पुष्कळ काही करता येतं. मन वळवता येतं, मुलीला बोलावून घेता येतं, तिकीट वाया जाऊ देता येतं. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काहीच करायचं नव्हतं.

"ती चिंधी धुतलेली होती ते मला कळत नाही का?" ती म्हणाली. "रोज हुंगते मी त्यांच्या चिंध्या. धुतलेल्या चिंधीचा वास शिळा असतो. हा ताजा होता, नाकात घुसणारा. आके, हेड चांगलंच निघालं तर?"

"तर भावाचा हंगाम फुकट गेला. आणि सुयुनबेकला कायमचं पटेल की तो संपला."

तिने किटली उचलली, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला आणि माझ्या पुढे चालायला लागली.

इथे एक सांगायला हवं. केलिन, म्हणजे घरात आणलेली सून, थोरल्या दिरासमोर मान वर करत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्या पुढ्यात आवाज काढत नाही. हल्लीच्या मुली हसतात या गोष्टींना, पण बुरुलचाने सगळं पाळलं. मामिरकुलचा उल्लेख ती "लाल गाडीवाले" असा करते. तो गॅरेजात असला की ती उंबऱ्याबाहेर किटली ठेवून निघून जायची. इतकी वर्षं एका अंगणात राहून मामिरकुलने तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला असेल.

ती उंबरा ओलांडून आत आली. किटली शेगडीवर ठेवली. सरळ गाडीपाशी गेली, ऑइलची पट्टी इंजिनातून ओढली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

सुयुनबेकच्या हातातला पाना तसाच हवेत राहिला. मामिरकुल उठून उभा राहिला. "हे काय चाललंय?"

  मीच काहीतरी थाप मारणार होतो, जिभेवर आलीही होती, पण सुयुनबेकने पाना खाली ठेवला.

"दादा, मला वास येत नाही," तो म्हणाला. "तापात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती माझ्यासाठी वास घेते. मी सगळ्यांना फसवतोय. म्हणून चाललोय मी."

 मामिरकुलचा चेहरा इतका लाल झाला की मला वाटलं आता हा मारणार. पण तो वळला बुरुलचाकडे.

"बोल, केलिन," तो म्हणाला. खेकसलाच, त्याला दुसरं येत नाही. "कसला वास आहे?"

ती जमिनीकडे बघत होती. आवाज मात्र स्वच्छ निघाला.

"पेट्रोल, भावजी. नुसतं पेट्रोल. गोड काही नाही."

सुयुनबेकने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि बोटांत तेल चोळलं, पुन्हा पुन्हा. मी त्याला ओळखतो. गुंता सुटायला लागला की तो ओठ चावतो.

"पेट्रोल तेलात उतरतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे इंजिनला गरजेपेक्षा जास्त मिळतंय. न जळलेलं खाली झिरपतंय. म्हणून थंडीत चटकन चालू होते आणि तापली की गुदमरते. फेसाचं काय, थंडीत सगळ्यांच्याच झाकणाखाली असतो. आणि दादा सवयीने ओततो ते जास्तीचं कूलंट वरून सांडून जातं. पण जास्त देतंय कोण? आणि का?" त्याने मान वर केली. "दादा, त्या पोराने यंत्र लावलं तेव्हा गाडी थंड होती की गरम?"

"सकाळी. रात्रभर बर्फात उभी होती."

"आणि यंत्राने इंजिनचं तापमान किती दाखवलं?"

"उणे वीस. बाहेरही तेवढंच होतं."

सुयुनबेक हसला. कित्येक आठवड्यांनी हसला. त्या पोराची तरी काय चूक? जानेवारीत आमच्याकडे सगळंच उणे वीस असतं. खोटं बोलणारं यंत्रसुद्धा सकाळच्या वेळी खरं बोलतं.

"काट्याला सांगणारा सेन्सर वेगळा आहे," तो म्हणाला. "इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा वेगळा. काटा खरं बोलतोय. दुसरा कॉम्प्युटरला सांगत बसलाय की इंजिन अजून गारठलेलंय, अजून पेट्रोल दे. आणि कॉम्प्युटर बिचारा देतोय."

इंजिन अजून गरम होतं. त्याने त्या सेन्सरची वायर काढली, तिथे मीटर लावला आणि आकडा बघितला. "हे बघा. हात लावला तर भाजेल एवढं इंजिन गरम आणि हा म्हणतो बर्फात बसलोय." तरीही त्याची खात्री होईना. त्याने सेन्सर बाहेर काढला. फळीवर एका भंगारात गेलेल्या इंजिनाचा तसाच जुना सेन्सर होता, तोही घेतला. बुरुलचाने न सांगता चहाच्या वाडग्यात किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. सेन्सर तापला की मीटरचा आकडा उतरतो. जुना सेन्सर पाण्यात धरला तसा तो भराभर खाली यायला लागला. मामिरकुलच्या गाडीतला धरला. आकडा हललासुद्धा नाही. सुयुनबेकने तो बाहेर काढला, पुसला, पुन्हा बुडवला. ढिम्म.

"हेड चांगलं आहे, दादा," तो म्हणाला. "हाच मेलाय."

भंगारातला सेन्सर बसवला, तेल बदललं, कूलंट भरलं. गाडी तापेपर्यंत चालू ठेवली, मग बंद केली. आम्ही वाट बघितली. मामिरकुलने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मी उगाचच टाळ्या वाजवल्या. बुरुलचा केव्हाच निघून गेली होती. मामिरकुल खाली उतरला, भावासमोर येऊन उभा राहिला.

"शरदापासून," तो म्हणाला. "माझ्या अंगणात राहून. शेगडीपाशी बसणाऱ्या माणसाला माहीत, मला नाही." आणि आभाराचा शब्द न बोलता गाडी घेऊन गेला.

मला वाटलं होतं, आता तरी सुयुनबेक रशियाचं नाव सोडेल. शुक्रवारी दिवसभर तो तोच मेलेला सेन्सर हातात फिरवत होता, पण बॅग भरलेलीच होती. मी चिडलो. "काल नाकावाचून शोधलंस ना? मग?"

"मी कुठे? तिने शोधलं."

"तिने वास सांगितला. बाकीचं काय तुझ्या आजोबांनी शोधलं?"

त्याने मान खाली घातली. "पुतण्याने तिकडे शब्द टाकलाय, आके. भाऊ माझ्याशी बोलत नाही. आता कोणत्या तोंडाने राहू?" मला कळलं की त्याला राहायचं होतं. फक्त ते कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं, आणि माझ्या सांगण्याला गावात किंमत नाही.

शनिवारी सकाळी मी त्याच्याबरोबर बाजारातल्या थांब्यावर गेलो. बुरुलचा अंगणाच्या फाटकापर्यंत आली. तिथे त्याने तिच्या रुमालाच्या काठाला नाक लावलं, सवयीने, आणि लगेच मागे झाला.  मला तिच्याकडे बघवेना.

लाल गाडी थांब्यावर उभी होती, इंजिन चालू, काचांवर आतून वाफ. मामिरकुल दरवाज्यात उभा राहून सामान लावत होता. सुयुनबेकने बॅग पुढे केली.

"जागा नाही," मामिरकुल म्हणाला.

सुयुनबेकला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दादा, माझी जागा तर..."

"दिली. मागे म्हातारी बसलीय ना, तिला. तिच्या मुलीला बाळ झालंय."

खरंच, आत सगळ्या जागा भरलेल्या होत्या. म्हातारी बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी मांडीवर घेऊन आमच्याकडे टकामका बघत होती.

"मग परतून आलास की पुढच्या फेरीला..."

"पुढचीही भरली."

"उद्या?"

"उद्याही भरली. परवाही." मामिरकुलने दरवाजा धाडकन लावला आणि वळून भावाच्या कोटाची कॉलर धरली. मला वाटलं, आता भर बाजारात तमाशा होणार. पण त्याने ती कॉलर नीट वर केली, लहान मुलाची करतात तशी, गळ्याशी बटण लावलं. "माझ्या गाडीत तुला जागा नाही. पोराला मी कालच फोन करून सांगितलंय. आणि पुन्हा काही दुखलं-खुपलं तर आधी मला सांगायचं. मग या म्हाताऱ्याला."

तो जाऊन बसला आणि गाडी बिश्केकच्या रस्त्याला लागली. सुयुनबेक ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग आम्ही घराकडे वळलो. बॅग मीच उचलली, कारण तो ती तिथेच विसरून निघाला होता.